इदालिना घरी येते आहे

पॅरिस, ६ नोव्हेंबर

ती. अबिलिओदादास, धाकट्या इदालिनाचा सा. न. वि. वि.

काल इमारतीच्या मालकांची सभा झाली. दरवर्षीसारख्या खुर्च्या मीच मांडल्या, कॉफीही मीच केली आणि बाहेर जाऊन उभी राहिले. आत ठरलं, की राखणदारीण नको. मेंटेनन्स परवडत नाही म्हणे. सफाई कंत्राटावर द्यायची, दाराला बटणांचं कुलूप लावायचं आणि माझी जिन्याखालची खोली विकायची. वसंतापर्यंत मुदत दिलीय.

दुसऱ्या मजल्यावरच्या लाकोंब बाई नंतर माझ्या गळ्यात पडून रडल्या. त्यांच्या आईला शेवटी शेवटी आंघोळ मीच घालायचे. म्हणाल्या, ठरावाला हात मीही वर केला गं, पेन्शनीत भागत नाही, काय करू? मग मीच त्यांना समजावत बसले. हसू नकोस.

जन्मभर एका खोलीत राहिले आणि गावी एवढं मोठं घर बांधून ते फक्त ऑगस्टच्या सुट्टीत झाडलं. आता येतेच कायमची. ब्रुनोला अजून बोलले नाही. लेकाच्या डोक्याला आधीच ताप कमी आहेत का? घर राहण्याजोगं आहे ना, तेवढं कळव.

तुझ्या मायेची भुकेली,
इदालिना

वाल द फ्रेइशो, १९ नोव्हेंबर

चि. इदालिनास, दादाचे अनेक आशीर्वाद.

मला फोनवर ऐकू येत नाही तेच बरं, नाहीतर त्या लाकोंब बाईंना चांगलं सुनावलं असतं. तुझी भाकरी काढून घेणाऱ्या बाईचे डोळे पुसणारी तूच एक.

घर खणखणीत आहे. धुराडं साफ केलं, लाकडं भरली. खालच्या खोलीत थोडी ओल आहे, म्हणून रोज चूल पेटवतो. धूर पाहून शेजारची एल्विरा विचारायला आली, कोण आलंय? म्हटलं, इदालिना येते आहे. म्हणाली, चला, पत्त्यांना चौथा गडी मिळाला. तुला पत्ते येत नाहीत हे मी सांगितलं नाही.

डुक्कर कापलं की सॉसेजं तुझ्यासाठी धुरावर टांगतो. तिकडचं लोणी खाऊन जीभ बिघडली असेल, ती इथे सुधारू. तारीख कळव.

वाट पाहणारा,
दादा

पॅरिस, १४ जानेवारी

ती. दादास, सा. न.

हे पत्र लिहून फाडलं, पुन्हा लिहितेय.

ब्रुनोच्या घरमालकाने घर विकायला काढलंय. म्हणतो, तुम्हीच घ्या, नाहीतर उन्हाळ्यात रिकामं करा. दिवसभर बस चालवून निम्मा पगार भाड्यातच जातो, तो साठवणार काय? बँक कर्ज देईल, पण आधी स्वतःचे काही पैसे दाखवा म्हणते. त्या भाड्यात आसपास दुसरं घर नाही, आणि नातीची, माएवाची शाळा तिथेच.

तोंडाने कुणी काही मागितलं नाही रे. पण नाताळच्या जेवणाला नवरा-बायको एकमेकांकडे बघत नव्हते. मीच म्हणाले, गावचं घर विकू. मला वाटलं, तो नको म्हणेल. तो उठला आणि माझे हात धरून रडायला लागला.

मी त्यांच्याकडेच राहीन, माएवाच्या खोलीत. पहाटे ऑफिसं झाडायचं काम मिळालंय. गिऱ्हाईक बघशील का? तुलाच सांगावं लागतंय याची लाज वाटते.

माया तोडू नकोस.
तुझी इदालिना

वाल द फ्रेइशो, २ मार्च

चि. इदालिनास, अनेक आशीर्वाद.

गिऱ्हाईक मिळालं. एक डच जोडपं आहे, फक्त उन्हाळ्यात येणार. बाईंनी विचारलं, बंद घर इतकं उबदार कसं? म्हटलं, बहीण येणार होती.

एक तुला कळवलं नव्हतं. माझं छप्पर गळायला लागलं, म्हणून नोव्हेंबरपासून मी तुझ्या खालच्या खोलीत झोपत होतो. ओलबिल काही नव्हती. तू आलीस की विचारणार होतो, राहू का म्हणून. तू नाही म्हणाली नसतीस. काल खाट परत आणून माझ्या स्वयंपाकघरात टाकली, तिथे गळत नाही.

तुझ्यावर राग नाही. ब्रुनोच्या डोक्यावर छप्पर राहिलं, बरं झालं. पण वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

सह्यांना तुला यावंच लागेल, असं वकील म्हणतो. आदल्या दिवशी ये. सही होईपर्यंत किल्ली आपलीच आहे. खाट एका रात्रीसाठी पुन्हा तिकडे नेतो.

तुझा,
दादा