नऊपर्यंत मोजणारी मुलगी

३ फेब्रुवारी

आलो एकदाचे स्वतःच्या घरात! इमारत सत्तावीस, तिसरा मजला, ३०४. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक टॉवेल वाळत घातला की भरून जाणारी गॅलरी. एवढ्या किमतीत शहरात जिन्याखालची जागाही मिळाली नसती, असं मेहुणा म्हणाला. ते कौतुक होतं की टोमणा, हे त्याच्या तोंडावरून कधीच कळत नाही. शहर दोन तास लांब आहे, पण कंपनीची बस कोपऱ्यावर येते. बसमध्ये झोपायचं, नाहीतर ही वही लिहायची.

एकसारख्या अठ्ठेचाळीस इमारती, सगळ्या फिक्या पिवळ्या. बिल्डरने कुलपंही घाऊक आणलेली दिसतात. समोरच्या बाईंनी चुकून आमच्या दाराला किल्ली लावली, तर दार उघडलं. सगळे हसलो. बायको म्हणाली, कुलूप आधी बदलून घे. बघू, म्हटलं.

मुलीने सामानाचे खोके मोजले. पाच वर्षांची आहे, बोटांवर मोजते, नऊला थांबते आणि पुन्हा एकपासून सुरू करते. खोके निघाले 'नऊ, नऊ आणि चार'. पलंगाच्या कोपऱ्यावर आपटली होती ती जखम भरली. डाव्या भुवईत बारीक पांढरी रेघ राहिली आहे.

१२ फेब्रुवारी

पहाटे पाचची बस, परत यायला रात्रीचे साडेनऊ. माझं काम औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं तपासण्याचं. बाटली एक आणि लेबल दुसरं, असं माझ्या हातून अकरा वर्षांत एकदाही झालेलं नाही. ही बढाई नाही, साहेबांनी तसं लिहून दिलं आहे.

बसमध्ये शेजारी एक काका बसतात. नकाशे काढतात म्हणून सगळे त्यांना नकाशेकाका म्हणतात. गेली नऊ वर्षं ते हीच बस धरतात. त्यांच्या डब्याच्या झाकणात आतून एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर इमारतीचा नंबर, मजला, बायको कशी दिसते, मुलीची खूण काय. उतरायच्या आधी ते ती वाचतात. हळूच पाहिलं, तर बसमध्ये निम्म्या लोकांच्या झाकणात चिठ्ठ्या. मला हसू आवरेना. काका मात्र शांतपणे म्हणाले, "हस बाबा. पण इथे ज्याला खुणा सांगता येतात, घर त्याचं."

२७ फेब्रुवारी

काकांनी आज फार आग्रह केला, तुझीही चिठ्ठी लिहून देतो म्हणाले. डोळ्यांवर झोप होती, मी सांगत गेलो. भुवईतली रेघ, बायकोचं पदराला हात पुसणं, मुलीचं नऊपर्यंत मोजणं. नऊच का, असं त्यांनी विचारलं. ते मी सांगितलं नाही. तिच्या शरीराची गोष्ट आहे, बसमध्ये बोलायची नाही. काकांनी चिठ्ठी घडी करून स्वतःच्याच खिशात ठेवली. मागायला विसरलो.

१९ मार्च

आता रविवारीही काम. निघतो तेव्हा मुलगी झोपलेली, येतो तेव्हाही झोपलेली. महिन्यात ती मला जागेपणी तीनदा दिसली. बायकोशी बोलणं म्हणजे डब्यावर ठेवलेलं झाकण आणि 'गॅस बंद कर' अशी चिठ्ठी. दोघी दोन हातांवर आहेत आणि मी परगावी असल्यासारखा. हे असं किती दिवस रेटायचं, मला समजत नाही.

कुलूप बदलायचं राहिलंच आहे.

३१ मार्च

नकाशेकाका आज निवृत्त झाले. बसमध्ये पेढ्याबिढ्याचं कुणी मनावर घेतलं नाही, सगळे झोपलेले. आता संध्याकाळी घरी काय करणार, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मुलीशी खेळीन." मला त्यांचा हेवा वाटला.

२ एप्रिल, बसमध्ये

नीट क्रमाने लिहितो.

रंगकाम चालू असल्यामुळे इमारतींवरचे नंबर पुसले आहेत. काल रात्री मी अर्धवट झोपेत उतरलो. जिना चढलो, किल्ली लावली, दार उघडलं. ओट्यावर ताट झाकलेलं होतं. अंधारातच जेवलो आणि भिंतीकडच्या बाजूला आडवा झालो.

पहाटे एक मुलगी दारातल्या चपला मोजत बसली होती. सात, आठ, नऊ, दहा.

दहा म्हणाली आणि मी जागच्या जागी गार झालो. तिच्या मागे एक बाई डबा भरून उभी होती, माझ्या ओळखीची नाही. ती दचकली नाही. म्हणाली, "संध्याकाळी लवकर या." मी डबा घेतला. का घेतला, देव जाणे. सवयीने घेतला.

खाली येऊन इमारती मोजल्या. ही एकतिसावी होती.

बसमधून बायकोला फोन केला. ती झोपेत हसली आणि म्हणाली, "आत्ताच तर निघालास. काय विसरलास?"

३ एप्रिल

काल रात्री कंपनीतच थांबवून घेतलं. आज अर्धी रजा टाकून भर दुपारी घरी गेलो. सत्तावीस, तिसरा मजला, ३०४. किल्ली लागेना. कुलूप नवीन होतं.

बेल वाजवली. साखळी न काढता बायकोने फटीतून पाहिलं, वस्तू विकायला आलेल्या माणसाकडे पाहतात तसं. मी तिला घरातल्या नावाने हाक मारली. ती घाबरली आणि आत वळून म्हणाली, जरा ये रे इकडे. तिच्या हाताखालून मुलगी डोकावली, तिने डावा हात हलवला. तो हात पाहिला आणि ती माझीच आहे यात शंका उरली नाही.

ती म्हणाली, "काका, आमचे बाबा घरी आहेत."

दार लागलं. मी दोन्ही हातांनी ठोकलं. वॉचमन आला. कुठल्या इमारतीतले, असं त्याने विचारलं. मी सत्तावीस म्हणालो. तो हसला, माझ्या किल्लीकडे पाहिलं आणि दंडाला धरून मला एकतीसमध्ये पोचवून गेला. तिथे किल्ली लागली.

४ एप्रिल

बसच्या सीटखाली नकाशेकाकांचा डबा सापडला. झाकणातली चिठ्ठी नवी होती. 'सत्तावीस, ३०४. बायको पदराला हात पुसते. मुलगी, डाव्या भुवईत रेघ, नऊपर्यंत मोजते.' माझ्याच तोंडचे शब्द.

नखाने ती खरवडली. खाली दुसरी. 'एकतीस, ३०४. बायको उंच, मुलगी पाच वर्षांची, दहापर्यंत चोख मोजते.' तिच्याखाली तिसरी, आणखी कुठल्या इमारतीची. तिच्याखालची वाचता येत नव्हती.

अकरा वर्षं बाटल्या तपासल्या, आणि माझं लेबल दुसऱ्याच्या हाती मी स्वतः दिलं.

सगळ्यांत जास्त हे टोचतं की ती त्याला बाबा म्हणते यात तिची चूक नाही. तो संध्याकाळी घरी असतो.

६ एप्रिल

एकतीसमधली बाई वाईट नाही. ताट गरम ठेवते. एकदा म्हणाली, आमच्या माणसाने जाताना सांगितलं होतं, तुझ्याकडे दुसरा येईल, काळजी करू नको. बोलताना रडत होती. मला तिची दया येते. इथे एक रात्र झोपलं की माझ्या घरातलं काहीतरी पुसलं जातं. आज बायकोचा आवाज आठवेना. वहीत वाचलं तेव्हा पदर आठवला.

वही उशीखाली ठेवली होती. सकाळी ती ओट्यावर होती.

७ एप्रिल

बाई आज साडी नेसली आहे. पदराला हात पुसते. मला अरेतुरे करते. म्हणाली, "लवकर ये रे."

मुलीने चपला मोजल्या. नऊला थांबली, आईकडे पाहिलं, आईने मान हलवली. मग पुन्हा एकपासून —

८ एप्रिल

डाव्या भुवईवर पट्टी. रक्त ओलं आहे. पडली का, विचारलं. मुलगी म्हणाली, नाही, आईने केलं, तुम्हाला आवडते ना रेघ. फार नाही दुखलं म्हणाली.

वही फाडणार होतो. पण फाडली तर माझ्याजवळ माझ्या मुलीचं काय उरतं —

९ एप्रिल

एक वाट आहे. काकांना नऊचं कारण माहीत नाही. ज्याला खुणा सांगता येतात, घर त्याचं. उद्या दारात उभा राहून मोठ्याने सांगीन. बायकोला सांगीन, जन्माच्या दिवशी तू तो हात दुपट्यात लपवला होतास आणि मीच तो बाहेर काढून —

नको. इथे नको. बाई वही वाचते.

निघायला उठलो. दाराला आतून कुलूप, किल्ली तिच्या कमरेला. पहाटे उघडेल, डबा देईल. म्हणजे आजची रात्र इथेच. झोपायचं नाही.

त्याच दिवशी, नंतर

डुलकी लागली. मुलीचं नाव गेलं. वहीत शोधलं. मी ते कुठेच लिहिलेलं नाही.

चेहराही जातोय. भुवई आहे, खाली काही नाही. हात मात्र आहे अजून, हलणारा. पुन्हा डुलकी लागली तर तोही जाईल, आणि मग उद्या दारात मी काय सांगणार —

लिहिलं तर राहील. लिहिलं तर बाई वाचेल.

ही पोरगी माझ्या पायाशी झोपली आहे. दोन्ही हात उघडे टाकून. दहा. हिने माझं काय वाकडं केलं —

बाई स्वयंपाकघरात आहे. विळी धुते आहे. विचारते, अजून काही राहिलंय का रे, तिचं? सांग ना. आज होऊन जाऊ दे.

डोळे मिटतायत. हात पुसट होतोय —

नाही लिहिणार.

नाही

माझी मुलगी. माझी. तिला घरी — मला घरी जायचं आहे —

माझी मुलगी नऊपर्यंतच मोजते, कारण तिच्या डाव्या हाताला चारच