नावेचा कार्यक्रम

लातूर, सोमवार, १९ जानेवारी २०२६

चि. वीरेश यास अंबिकाआत्याचे आशीर्वाद, तूर्त अर्धेच.

रविवार, १८ जानेवारी, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी, नांदेडला धरणाच्या काठावरून, मी गाडीतून उतरते तोच, माझ्या डोळ्यांदेखत तू पाच महिन्यांचं लेकरू शिडाच्या होडीत घालून नेलंस. काठावर राहिलो मी, मंत्र म्हणायला आणलेले रेवणसिद्ध अय्या, शेजारची चतुराबाई, पाळण्याच्या दोऱ्या आणि डबाभर घुगऱ्या.

तुझा निरोप होता की रविवारी आठला धरणावर नावेचा कार्यक्रम आहे, बाळ आहे, आत्या तू येच. बत्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात मी, आणि तुझं शुद्धलेखन तर पाटीपासून ठाऊक. मनातल्या मनात मात्रा खोडली, काना दिला आणि ‘नावाचा’ वाचलं. नाव आत्यानंच ठेवायचं असतं, तुला बहीण नाही म्हणजे ती मीच, म्हणून पहाटे पाचला अय्यांना गाडीत घालून निघाले. धरणावर का, तर म्हटलं हल्ली बारशीही लॉनवर होतात.

तुझं शीड लांब गेलेलं बघून चतुराबाईनं विचारलं की बाई, पाळणा तिकडं पाण्यात बांधलाय का. अय्यांनी मंत्रांऐवजी केळी संपवली. नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या गावची आपण माणसं. आपल्या घराण्यात पोहणारा एक नाही. शिकायला पाणी होतं कुठं? आणि तू लेकराचं नारिंगी गाठोडं करून दर्यासारंग झालास!

खुलासा पाठव. फोनवर तू नुसतं हाव, हाव म्हणून राहतोस.

अंबिकाआत्या


नांदेड, २३ जानेवारी

ती. आत्यांना मंजुश्रीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र ह्यांनीच लिहायला हवं होतं, पण ते म्हणतात की आत्यापेक्षा वादळ परवडलं. तुम्ही काठावरून हात हलवत होता, ते आम्हाला निरोप वाटला, म्हणून आम्हीही हलवले. रागावू नका, पण ह्यांनी जन्मात एक शब्द शुद्ध लिहिला आणि नेमका तोच तुम्ही दुरुस्त केलात.

होडी ह्यांच्या मित्राची, अमरेशदादांची. त्यांना ती चालवता येते. काठ सोडून फार लांब गेलो नाही, बाळाला तिच्या मापाचं तरंगायचं नारिंगी जाकीट होतं, आणि ती सगळा वेळ झोपली होती. होडीत भिऊन ओरडले ते माझे सासरे, तुमचे भाऊ.

आता एक सांगायलाच हवं. तिथल्या वहीत होडीत बसणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहावं लागतं. बाळाला नाव नाही म्हटल्यावर वहीवाला माणूस होडी सोडेना. ह्यांनी पाण्याकडं बघितलं आणि ‘लहरी’ लिहून टाकलं. तेव्हापासून सगळे तिला लहरीच म्हणून राहिलेत. नऊ फेब्रुवारीला हे जन्मदाखल्यावर तेच चढवणार आहेत. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील.

लोभ आटू देऊ नका.

मंजुश्री


लातूर, २७ जानेवारी

चि. सौ. मंजुश्रीस आशीर्वाद पूर्ण. हे पत्र वीरेशला मोठ्यानं वाचून दाखव.

लहरी! लहरी तुझा नवरा. दर वर्षी त्याच्या प्रगतिपुस्तकात हाच शेरा असायचा, तो आता पोरीच्या दाखल्यावर चढवतोय?

मात्रा मी खोडली, चूक माझी. हे एकदाच कबूल केलंय, पुन्हा विचारू नका. पण म्हणून माझा हक्क खोडला जात नाही. माझ्या पोटी लेकरू नाही. कानात नाव सांगायला मला दोनच कान मिळायचे होते, एक वीरेशचा आणि एक हिचा. हिच्यासाठी ठरवलेलं नाव पाच महिन्यांत मी कुणाला सांगितलेलं नाही. या पत्रातही लिहिणार नाही. ते आधी तिनं ऐकायचं.

तुम्हाला पाण्याचीच एवढी हौस असेल तर बारसं नावेत करा. मी बसेन. मला पोहता येत नाही, गाडीत वळणावर सुद्धा मळमळतं, आणि अय्यांनी आत्ताच नकार कळवलाय. माझ्या मापाचं जाकीट तेवढं शोधून ठेवा. माझं तोंड तिच्या कानाशी पोचलं म्हणजे झालं.

लोभ आहेच, तो कमी होत नाही, हीच पंचाईत. बारशाची तारीख वीरेशच्या अक्षरात, लेखी, गुरुवार, ५ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडली पाहिजे.

अंबिकाआत्या