सुपातली मुलगी

३ एप्रिल १९६०, रविवार
आज परळला आले. फणसवाडीतल्या रिकाम्या घराला कुलूप घालणं वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. माझा भाचा मनमोहन डॉक्टर, त्याचं हे मुलांचं छोटं इस्पितळ. मुलांना गोष्टी सांगायच्या, वेण्या घालायच्या, फाटलेलं शिवायचं, एवढंच माझं काम. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी डोळे वटारून शिकवलेलं भरतकाम अखेर उपयोगी पडणार! खिडकीत शिरीष फुललाय. मुलं पलंगावर बसून 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ओरडतात. मनमोहन म्हणतो, अरे झाला, मेच्या एक तारखेला मिळतोय, आता तरी गोळ्या गिळा.

६ एप्रिल, बुधवार
यशोदा माझी लाडकी झाली आहे. सहा वर्षांची, बाप लालबागच्या गिरणीत. तिच्या अंगात रक्तच बनेनासं झालं होतं. मनमोहननं आधी किरण दिले, मग थोरल्या बहिणीच्या हाडांतली मज्जा हिच्या शिरेतून सोडली. परदेशात शिकून आणलेला नवा उपचार. आता गालांवर रंग चढलाय. तरी तो रोज तिचं हृदय तपासतो. त्या किरणांनी आणि औषधांनी कोवळं हृदय थकतं, म्हणाला. रक्त सुधारलं तरी ते मागाहून दगा देतं.

१० एप्रिल, रविवार
यशोदाची आई मालन सूप आणि मूठभर कोंडा घेऊन आली. तिची मधली दोन मुलं गेली. त्यांच्या गावची रीत अशी, की पोरीला सुपात बसवून परक्या बाईनं ती कोंड्याच्या बदल्यात विकत घ्यायची आणि तिला 'कोंडी' म्हणायचं. मृत्यूला वाटावं, ही कुणालाच नको असलेली पोर. सहा वर्षांची मुलगी सुपात मावेना, मालनसुद्धा हसली. मी कोंडा मालनच्या ओंजळीत घातला. "ह्यां चेडू आता तुमचां, बाईनू," म्हणाली आणि पोर माझ्यापाशी सोडून मागं न बघता गेली.

कोंडी! इतक्या गोड मुलीला? माझ्या तोंडून ते निघेना. वेणी घालताना तिला हळूच माझ्या लेकीचं नाव दिलं. उर्मिला. नऊ वर्षांची होऊन गेली माझी उर्मिला. सांधेतापानं हृदयाची झडप नासली होती. इतक्या वर्षांत या नावानं कुणाला हाक मारली नव्हती.

लगेच 'ओ' आली.

१५ एप्रिल, शुक्रवार
यशोदाच्या पायांवर सूज. हृदय थकल्याची खूण, म्हणतो मनमोहन. मीठ बंद, गोळी सुरू.
संध्याकाळी तिनं मला विचारलं, पियानो कुठं गेला?
उर्मिला गेल्यावर तो आम्ही माझगावच्या चर्चला देऊन टाकला. इथं कुणाला ते ठाऊक नाही.
मी रडले. भीतीनं नाही, आनंदानं. हे लिहायला नको होतं.

२१ एप्रिल, गुरुवार
मनमोहननं यशोदाच्या छातीवर टेकवलेली नळी माझ्या कानांत घातली. ठोक्यामागं सरसर, ओल्या वाळूवरून लाट मागं जावी तशी. हा आवाज मी ओळखते. माझ्या लेकीच्या छातीत तो मी ऐकला होता.
मनमोहन बुचकळ्यात पडलाय. किरणांनी हृदय सैल पडतं, पण झडप अशी नासत नाही. अशी झडप सांधेतापाचीच. आणि यशोदाला तो कधी झालेला नाही.

२५ एप्रिल
यशोदा म्हटलं, बघत नाही. कोंडी म्हटलं, बघत नाही. उर्मिला म्हटलं की एक ठोका चुकतो — मग डोळे उघडते.
आज निळी रिबन मागितली. ती मी लेकीबरोबर — चितेवर —

२८ एप्रिल
मालनला सगळं सांगितलं. ओरडली नाही. "मेलेल्याचां नाव दिल्यात, बाईनू? मगे चेडू कोणाचां ऱ्हवलां?"
उपाय एकच, म्हणाली. मीच तिला कोंडी म्हणून हाक मारायची, तिनं ओ दिली, की तिला मालनच्या पदरात परत घालायचं. मालन गावच्या देवाचा अंगारा घेऊन शनिवारी येणार.
शनिवारपर्यंत हृदय कसंबसं धरेल, म्हणतो मनमोहन. पुढचं —

३० एप्रिल, संध्याकाळ
रस्त्यावर दिव्यांच्या माळा. ढोल. उद्या राज्य मिळणार.
मालन दारात उभी, पदर पसरून. हाक मारा, हाक मारा, म्हणते.
ठोका — मग नाहीच — मग —
पोरीनं माझा हात धरलाय. म्हणते, आई, पुन्हा नको ना देऊस मला.
तोंड उघडलं की दुसरंच नाव येतंय. जिभेला वळण लागावं म्हणून आधी लिहून बघते —
कोंडी. कोंडी. कोंडी. उर्मि