सेट संपेपर्यंत हलायचं नाही

खोड तुमची, खुर्ची तुमची, आणि त्यात अडकून पडलेय मी. गुडघे आखडलेत, बाथरूमला जायचंय, तरी उठायचं नाही. कारण तुमची पणती म्हणते, "आजी, हिलना मत प्लीज. आप वहाँ बैठी हो तभी तो जीत रहा है." तिकडे विलायतेत गवतावर कोण तो ताडमाड उंच पोरगा चेंडू मारतोय आणि त्याचं नशीब म्हणे इथे लखनौत, जानकीपुरमात तिसऱ्या मजल्यावर, माझ्या बुडाखाली. हे पोरीला मी शिकवलेलं नाही. हे तुमच्या रक्तातून उतरलंय.

आता नमस्कार, सासूबाई. आधी तक्रार, मग नमस्कार, ही रीतही तुमचीच. रामनामाच्या वहीत लिहितेय, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटतंय म्हातारी जप लिहितेय. वाटू दे त्यांना. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, वेलांट्या चुकतील, पण तुम्हाला कुठे वाचता येत होतं. आणि हे कुठल्या पोस्टात जायचंही नाही.

अलीगंजच्या घरात टीव्ही आला तेव्हा तुम्हाला लखनौला येऊन बरीच वर्षं झाली होती आणि हिंदीत तुम्ही फक्त "कितने का" आणि "नहीं चाहिए" एवढंच बोलत होता. मुलाची रेल्वेतली नोकरी, म्हणून तुम्हाला सातारच्या मुलखातून उचलून इथे आणून टाकलं. शेजारणी बोलायला आल्या की तुम्ही देवघरात जायच्या. बातम्या कळत नव्हत्या, मालिका कळत नव्हत्या, आणि मग एका जुलैत ते विंबल्डन लागलं. त्यात भाषाच नव्हती. एक मारतो, दुसरा परतवतो, मधे जाळी. तुम्ही पुढे सरकून बसलात ते त्यानंतर दर जुलैत सरकून बसलात. पहिल्या दिवशी ते गवत कसं हिरवंगार असतं आणि फायनलपर्यंत पाय घासून घासून मागच्या बाजूला माती उघडी पडते, हे तुम्हीच मला दाखवलंत. पांढऱ्या कपड्यांचा नियम तुम्हाला फार पटायचा. म्हणायच्या, बघ, चॅम्पियन झाली तरी पांढरंच घालायचं, कुणाला सूट नाही. तुम्ही स्वतः मामंजी गेल्यापासून पांढऱ्यात होता, आणि हे बोलताना हसत नव्हता. बाप्या जिंकला की त्याला पेला आणि बाई जिंकली की तिला चांदीचं ताट, हे पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा तुम्ही म्हणालात, "एवढी धावली, एवढी घामाघूम झाली, आणि शेवटी हातात ताटच दिलं मेल्यांनी." तेवढं एक वाक्य मी तुमचं अजून वापरते.

पण एका फायनलला तुमचा खेळाडू हरत होता आणि मी कणकेच्या हातांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात डोकावले, आणि नेमका तो जिंकायला लागला, तिथेच माझं नशीब फुटलं. एरवी उंबऱ्यावर बसले असते तर दरिद्री लक्षण म्हणून घर डोक्यावर घेतलं असतंत. त्या दिवसापासून फायनलला माझी जागा उंबरा, आणि हात कणकेचेच पाहिजेत. धुवायचे नाहीत. तुमचा मुलगा, आता तोही तिकडे तुमच्यापाशीच आहे, एवढा इंजिनीअर, पूल बांधायचा, पण तोही म्हणायचा, बस गं, काय जातंय तुझं.

काय गेलं ते तुम्हाला माहीत आहे. भावाचं कार्ड आलं होतं. गावची मंडळी अयोध्येला निघालीत, आई सोबत आहे, गाडी रविवारी रात्री चारबाग स्टेशनला थांबेल, आई डब्याच्या दारात उभी राहील, येताना काशीवरून परतणार, तेव्हा लखनौ लागणार नाही. लग्नानंतर आईला मी मोजून दोन-तीनदा भेटले असेन. ह्यांनी स्कूटर बाहेर काढून ठेवली होती. आणि त्याच संध्याकाळी फायनल. मी उंबऱ्यात. तेव्हा पाचव्या सेटला टाय-ब्रेक नव्हता, दोन गेमनं पुढे गेल्याशिवाय संपायचंच नाही. एक पुढे जातो, दुसरा गाठतो. बोटांवरची कणीक वाळून पांढरी पडते, तडकते. मी म्हणते, निघायला हवं. तुम्ही माझ्याकडे मानसुद्धा वळवत नाही. "एवढा सेट होऊ दे. तू हललीस की तो हरतो." मी ह्यांच्याकडे बघते. हे म्हणतात, "आई म्हणतेय तर बस ना जरा. गाड्या कुठे वेळेवर येतात." लखनौत जुलैच्या संध्याकाळी वीज जात नाही असं होत नाही. त्या दिवशी गेली नाही. आणि गाडी वेळेवर आली.

तुमचा खेळाडू जिंकला, गवतावर गुडघे टेकून रडला. तुम्ही माझ्या त्या कणकेच्या हातावर साखर ठेवलीत. मग आम्ही चारबागला गेलो तर फलाट झाडत होते. आई पूर्ण वेळ दारात उभी होती, हातात सांडग्या-मिरच्यांचा डबा धरून, हे भावानं नंतर सांगितलं. एवढंच म्हणाली, सासरी अडली असेल. ह्यांनी कार्ड टाकलं की स्कूटर बंद पडली. माघात आई गेली. तुम्ही तो विषय पुन्हा काढला नाहीत. पुढच्या जुलैत मात्र उंबऱ्याशी पाट आणून ठेवलात, वर जुन्या लुगड्याची घडी घालून, मऊ लागावं म्हणून. ती माफी होती का सोय, मला आजवर कळलेलं नाही. बसले मी त्याच्यावर. न बसून जाणार कुठे होते?

आता आजचं ऐका. भाऊ महिनाभर त्याच्या मुलाकडे होता, एअरफोर्सची पोस्टिंग आहे पोराची, गोरखपूरला. आज रात्रीच्या विमानानं तो इथल्या अमौसी विमानतळावरून घरी परततोय. काल फोनवर म्हणाला, "ताई, जिना चढायला डॉक्टरनं बंदी केलीय आणि तुमची लिफ्ट बंद. तूच ये एअरपोर्टवर. आत जायच्या आधी बाहेर बसतो तासभर. का दाजींची स्कूटर अजून बंदच आहे?" हसला, आणि हसता हसता त्याला धाप लागली, ती बराच वेळ थांबेना. तो काही पुन्हा इकडे यायचा नाही. ते त्यालाही माहीत आहे.

तुमचा नातू, म्हणजे माझा लेक, काल म्हणाला, आई, मी नेतो ना गाडीनं, टेन्शन नॉट. आज दुसऱ्या सेटला म्हणाला, बस हा सेट झाला की निघू. तिसऱ्यालाही तेच. आत्ता म्हणाला, "अगं रविवारी ट्रॅफिक नसतो, आणि नाहीच जमलं तर व्हिडिओ कॉल लावून देतो." सून ड्यूटीवर आहे. ती असती तर एव्हाना टीव्हीची वायर ओढली असती. जानकीपुरम ते अमौसी म्हणजे शहराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. पण मी तुमच्या घरात आयुष्य काढलंय, सासूबाई, मला रक्त ओळखता येतं. लिफ्ट बंद झाल्यापासून मी बाल्कनीतून दोरीनं टोपली सोडून सब्जी घेते. सकाळी भेंडीचे पैसे सोडताना सब्जीवाल्या भैयाला सांगून ठेवलं, शाम को ऑटो भेजना, नीचे खड़ा रखना. ऑटो आलाय. खाली मघापासून हॉर्न वाजवतोय. तुमचा नातू टीव्हीवरची नजर न काढता म्हणतो, कौन पागल है नीचे.

आणि तरी मी बसून आहे. खरं सांगते, मघाशी मी अर्धी उठले होते. काठी हातात घेतली होती. तेवढ्यात तिच्या त्या खेळाडूनं चेंडू जाळीत मारला, पोरगी कळवळली, "आजी!" आणि मी बसले. कुणी दाबून बसवलं नाही, माझी मीच बसले. मनात आलं, उठले म्हणून हरला तर? एवढी वर्षं तुम्हाला शिव्या घालून माझ्याही हाडात तेच मुरलंय. हे लिहायलाही लाज वाटते. पोरगी उशी छातीशी धरून बसलीय, तिला वाटतंय सगळं माझ्यावर आहे. मलाही थोडं वाटतंय.

चौथा सेटही समोरच्यानं घेतला. पाचवा सुरू होतोय. लेक म्हणतोय, "आई, आता तर हलूच नकोस." तुमचाच आवाज.

हॉर्न थांबला तर ऑटो गेला म्हणायचं. अजून वाजतोय. जिना आहे, गुडघे आहेत, कठडा धरून उतरेन. ही वही मी खुर्चीच्या गादीखाली सारते आणि उठते. जागा तुमचीच आहे, येऊन बसा. तो हरला तर ह्या पोरीला जबाब तुम्ही द्यायचा. तुमच्या मुलाला पुढे करायचं नाही.