विमलाबाईंचा बेटावरचा महिना

काजरे बेट,
सोमवार, ५ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. प्राचीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचले. इथं फोन लागत नाही, म्हणून पत्र. मंगळवारची होडी नेईल. बेट एवढंसं, की चहा निवायच्या आत फिरून होतं. सहा झोपड्या, झावळ्यांची छपरं. प्लास्टिक धक्क्यावरच काढून घेतात. आंघोळीला एकच बादली, आणि संडासात पाण्याऐवजी भुसा टाकायचा. संदेशला सांग, तुझ्या आईला पर्यावरण चांगलंच कळलं.

अगं, तू हट्टानं पाठवलंस, पण मला करमत नाही. हे जाऊन तीन महिने झाले, तरी पाचला जाग येते. यांच्या औषधाची वेळ म्हणून उठते, मग नुसती बसून राहते. आठ वर्षांची सवय. स्वयंपाकाच्या हौसाबाई मला कशाला हात लावू देत नाहीत, पाहुण्यांनी बसायचं म्हणतात. महिना कसा काढू?

यांची खोली रोज पुसत जा.

दोघांची आठवण काढत असलेली,
आई

डोंबिवली,
१० फेब्रुवारी

ती. आईंना,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

भुशाचं वाचून संदेश मोठ्यानं हसला. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

एक सांगायचंय. तुम्ही रागवाल. बाबांचा वर-खाली होणारा पलंग आम्ही गुरुवारी विठ्ठलवाडीला दिला. संदेशच्या ऑफिसातल्या सिद्धेशचे वडील अंथरुणाला खिळलेत. संदेश म्हणाला, आई घरी असताना हे जमणार नाही. तुम्हाला विचारू या असं मी म्हटलेलं, पण शेवटी टेम्पो मीच बोलावला. चुकलंच माझं.

खोली रिकामी झाली, तरी सकाळी मी बाबांचं अंग पुसायचं पाणी गॅसवर ठेवते. उकळलं की लक्षात येतं. काल तसंच झालं आणि डबा न घेताच ऑफिसला गेले. हे उगाच लिहिलं.

रागावलात तरी माया कमी करू नका.
तुमची,
प्राची

काजरे बेट,
१९ फेब्रुवारी

चि. सौ. प्राचीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून त्या दिवशी जेवले नाही. हौसाबाईंनी खोदून विचारलं, तेव्हा आधी पलंगाचं सांगितलं आणि मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं तेही. शेवटी शेवटी देवापुढं मी यांच्यासाठी आयुष्य मागत नव्हते, सुटका मागत होते. यांची, आणि माझीसुद्धा. नंतर त्या पलंगापाशी बसून मी त्याचीच शिक्षा भोगत होते. हौसाबाई म्हणाल्या, त्यांनीही नवऱ्यासाठी तेच मागितलं होतं. एवढंच म्हणाल्या आणि कोळंबी सोलायला मला जवळ बसवलं. दुसऱ्या दिवशी मी आठपर्यंत झोपले.

पलंग दिलास ते बरं झालं. विचारलं नाहीस त्याचा राग आहे, तो समोर आलीस की काढीन.

मग पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा ते पाण्याचं दिसलं. माझी कंबर धरायची म्हणून यांना कुशीवर तू वळवायचीस. हे गेल्यावर टेंभी नाक्यावरच्यांसकट सगळे नातेवाईक मला भेटायला आले. तू चहा करत होतीस. तू कशी आहेस हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

तेव्हा रजा टाक आणि २७ तारखेच्या होडीनं ये. मी आणखी पंधरा दिवस राहते. शेजारची झोपडी तुझ्यासाठी धरून ठेवलीय. संदेशला वेगळी चिठ्ठी लिहिलीय, त्याचं तो बघेल. इथं तुला कुणी पाचला उठवणार नाही. धक्क्यावर मी उभी असेन.

तुझीच,
आई