कुकरची वायर

बाबा, तुम्हाला लिहायचं कारण एका अनोळखी माणसाचा ईमेल आहे. मी मोबाईलवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत काम करते. खेळणारा कधी येतो, किती वेळ थांबतो, कशाने कंटाळून निघून जातो, याच्या नोंदी बघणं हे माझं काम. तुम्ही कारखान्यात नग तपासायचात, मी माणसं तपासते. हे तुम्हाला आवडलं असतं की नाही ते मला माहीत नाही. आई वारज्यातल्या शेजारणींना 'ती कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगते आणि मीही ते दुरुस्त करत नाही.

ईमेल एका वडिलांचा होता. मुलगी बारावीला, सहामाहीत तीन विषयांत नापास. ती म्हणते पेपर अवघड होते, मोबाईलवर मी रोज अर्धा तासच खेळते. 'कृपया आपण तिच्या खेळण्याचे खरे तास कळवावेत, म्हणजे आम्हाला तिच्याशी बोलता येईल,' असं त्यांनी लिहिलं होतं. खाली मुलीच्या खात्याचा क्रमांक, अगदी अचूक. अशा चौकश्या माझ्याकडे येतात. मी नोंद उघडली. सोमवार ते शुक्रवार, सकाळी साडेदहा ते दुपारी दोन. मध्ये कधी दहा मिनिटांचा खंड, बहुतेक जेवणाचा. रविवारी मात्र अगदी अर्धा तास, सगळे घरी असतात म्हणून. ती नोंद मी बराच वेळ बघत बसले, कारण ते माझंच वेळापत्रक होतं.

आपल्या खडकीच्या क्वार्टरमध्ये दाराशेजारी एक खिळा होता. दारूगोळा कारखान्याच्या गेटवर काडेपेटी, बिडी, मोबाईल जमा करायचा, पितळी बिल्ला घ्यायचा आणि सुटताना बिल्ला देऊन आपली वस्तू परत घ्यायची, हा नियम तुम्ही इतकी वर्षं पाळलात की तो घरी आणला. मी बारावीत गेल्यावर तुम्ही सीपीयूची वायर काढून पिशवीत घालून कामावर न्यायला लागलात आणि बदल्यात पत्र्याचा एक गोल बिल्ला कापून मला दिलात. संध्याकाळी अभ्यास दाखवला की मी बिल्ला खिळ्याला अडकवायचा आणि तुम्ही वायर द्यायची, एक तास. 'जप्ती नाही, जमा आहे,' तुम्ही म्हणायचात. नियम न्याय्य होता. तेव्हाही माझं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं.

फक्त सीपीयूला लागते ती वायर काही खास नसते. आपल्या भाताच्या इलेक्ट्रिक कुकरची वायर तिथे बरोबर बसायची. हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. तुम्ही सातला जायचात, आई दहाला बालवाडीत. मी कॉलेजला जाते असं म्हणायचे आणि जायचे नाही; प्रिलिमनंतर तर कॉलेजही बंद झालं. साडेदहाला कुकरची वायर काढायची, दोनला परत लावायची, सीपीयूच्या पाठीवर हात ठेवून तो निवला का बघायचं, समोर गणिताचं पुस्तक उघडायचं. आई अडीचला यायची आणि 'डोळे किती लाल केलेस गं वाचून वाचून' म्हणत मला दूध द्यायची. मी ते प्यायचे.

लोकांना वाटतं खेळण्यात तास गेले म्हणून मार्क गेले. तास मोजायला सोपे असतात म्हणून सगळे तेच मोजतात, ते ईमेलवालेही तेच मागत होते. खरं बिघडतं ते उरलेल्या वेळात. तुम्ही घरी असताना मी रोज चार तास टेबलाशी बसत होतेच की. पण खेळात दर दहा-पंधरा सेकंदांनी काहीतरी मिळतं, एखादी वीट, एखादा सैनिक, एखादा आवाज. इंटिग्रेशनचं गणित वीस मिनिटं काहीच देत नाही आणि एकविसाव्या मिनिटाला चुकतं. पाचव्या मिनिटालाच माझं मन उठून जायचं आणि शरीर तिथेच बसून राहायचं, तुम्हाला दिसावं म्हणून. आता किती सेकंदांनी काय द्यायचं हे ठरवणाऱ्या बैठकीत मी असते. मला ते चांगलं जमतं.

निकाल लागला. गणितात एक्केचाळीस. तुम्ही ओरडला नाहीत. तपासण्यात चूक असणार, असं तुम्ही धरून चाललात, कारण तुम्ही स्वतः तपासनीस होता आणि तपासताना माणसं कुठे चुकतात हे तुम्हाला माहीत होतं. रजा टाकून मंडळाच्या कार्यालयात रांगेत उभे राहिलात आणि काही आठवड्यांनी माझ्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊन आलात. ती संध्याकाळ मला अजून समोर दिसते. तुम्ही चष्मा पुसता. स्टीलची पट्टी ओळीखाली धरून एकेक ओळ खाली सरकता, बेरीज करता, मान हलवता. पहिला विभाग संपतो. दुसऱ्या विभागाची चार पानं होतात. मग पुढचं पान कोरं, त्याच्यावर तिरकी रेघ. त्याच्या पुढचं कोरं. तुम्ही सात पानं मोजता.

"माय, हे काहून कोरं आहे?"

मला वाटतं, खरं सांगायला ती चांगली वेळ होती. तुमच्या आवाजात राग नव्हता, तुम्हाला फक्त कारण हवं होतं.

"वेळ पुरला नाही, बाबा."

तुमचा चेहरा सैल झाला. ते बघणं वाईट होतं. "मग आधी नाही सांगाचं?" तुम्ही म्हणालात. "मी इकडे त्या तपासणाऱ्याला शिव्या देऊन राहिलो." आणि आत वळून आईला, "अवं, ऐकलं का, पोरीले येत होतं सगळं. वेळ कमी पडला."

"मी म्हणतच होते," आई म्हणाली.

पुन्हा परीक्षेला बसायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल मिळालेलं घड्याळ कपाटातून काढलंत, जे तुम्ही स्वतः कधी घातलं नव्हतं, आणि ते माझ्या मनगटाला सैल पडतं म्हणून पट्ट्याला खिळ्याने आणखी एक भोक पाडलंत. मग रोज संध्याकाळी कामावरून येऊन, हातपाय धुऊन, माझ्यासमोर बसायचात. 'चल, सुरू.' चार मार्कांच्या गणिताला सहा मिनिटं. सहाव्या मिनिटाला तुम्ही पट्टी टेबलावर आपटायचात. तुम्ही एका न झालेल्या दुखण्यावर औषध देत होता, तरी मी सुधारत गेले. तुम्ही समोर बसलेले असताना मन उठून जायचं धाडस करत नव्हतं, एवढंच त्याचं कारण.

त्याच दिवसांत कुकर बिघडला. भात अर्धाच शिजायचा. तुम्ही वायर हातात घेऊन तिचं टोक उजेडात धरलंत.

"सैल झाली आहे. रोज काढता-घालता का तुम्ही ही?"

"मी कशाला काढू?" आई म्हणाली. "मला दुसरे उद्योग नाहीत का?"

तुम्ही ते टोक पुन्हा बघितलंत. नंतर चिमट्याने आतल्या पट्ट्या दाबून घट्ट केल्यात, वायर कुकरला लावलीत आणि मला म्हणालात, 'चल, सुरू.' केसाएवढा फरक बोटाने ओळखणारा माणूस त्या टोकाकडे दोनदा बघतो आणि काही विचारत नाही, याचा अर्थ मी अनेक वर्षं लावते आहे. माझ्याकडे पुरेशी माहिती नाही.

नोव्हेंबरात हृदयविकाराचा झटका आला आणि तुम्हाला हॉस्पिटलमध्ये ठेवलं. दुसऱ्या झटक्याच्या आदल्या दुपारी तुमच्या खात्यातले दोघं भेटायला आले होते. मी डबा घेऊन पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. 'पोरीचं काय मग?' एकाने विचारलं. तुम्हाला बोलायला धाप लागत होती, तरी तुम्ही सगळं वाक्य पूर्ण केलंत. "तिले सगळं येते. मागच्या वेळी वेळ कमी पडला होता फक्त." ते दोघं माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. तुमच्याकडून ऐकलेलं ते शेवटचं सरळ वाक्य, आणि ते माझं होतं.

मार्चच्या परीक्षेत मला गणितात ब्याण्णव मिळाले. क्वार्टर सोडताना खिळा तसाच राहिला.

त्या वडिलांना मी ठरलेलं उत्तर पाठवलं. त्यांच्या मुलीने खातं उघडताना वय एकवीस लिहिलं आहे, त्यामुळे तिच्या परवानगीशिवाय माहिती देता येत नाही. नियम स्पष्ट आहे आणि तो मोडून मी काही करणार नव्हते. पण वय खोटं असल्याचा अर्ज पालक करू शकतात, अशी सोय आहे. ते एका ओळीत लिहिता आलं असतं. मी लिहिलं नाही. काल त्यांचं उत्तर आलं. 'आभारी आहे. काही गैर असतं तर आपण कळवलंच असतं. म्हणजे पेपर अवघड होते हे ती म्हणते ते खरं असावं. उगाच संशय घेतला.' मी चौकशी बंद केली. बंद केलेली चौकशी पुन्हा उघडता येते. आज दुपारपर्यंत मी ती उघडलेली नाही, त्याऐवजी हे लिहीत बसले आहे. हे पाठवायला पत्ता नाही, हे माझ्या सोयीचंच आहे.

बाबा, वेळ पुरला होता. मला येत होतं तेवढं सगळं एक वाजून दहा मिनिटांनी लिहून झालं होतं आणि पेपर दोनला संपणार होता. उरलेली पन्नास मिनिटं मी बाकावर बोटाने खेळातल्या गावाचा नकाशा काढत होते. मध्ये सुपरवायझर बाई जवळ येऊन थांबल्या आणि त्यांनी अगदी मायेने विचारलं, "पुरवणी हवी का, बाळ?"

मी नको म्हटलं.