‘कधी?’ विचारणारा अमेरिकन

शुक्र., २४ ऑक्टो.
दिवाळी संपली, फराळ पोचायचाय. नाशिकहून निघालेला चिवडा कुणाच्या तरी भावजयीच्या बॅगेतून इथे दोह्यात, अबू हमूरला उतरला आणि तिथेच राहिला. निरोप आला : ‘या ना कधीतरी, घेऊन जा.’ सु.ला फोन. सु., म्हणजे बायको, तिकडे आजारी आईच्या उशाशी बसून बोलते, त्यामुळे गेलं वर्षभर आमचा संसार कुजबुजीत चाललाय. चिरंजीव पुण्याला. ‘हं बाबा’ एवढाच मजकूर.

काल एक घोटाळा करून बसलो. मेसईदला आमच्या प्लांटवर नवा सेफ्टीवाला आलाय, रॉजर, अमेरिकन. (यापुढे रॉ.) अमेरिकन असून गाडी नाही. एका डोळ्याने कमी दिसतं म्हणे. कंपनी-बसमध्ये माझ्या शेजारी बसतो, माझ्यासारखाच मन्सूराला उतरतो. उतरताना मी सवयीने बोलून गेलो, या एकदा घरी जेवायला. तो फुटपाथवर थांबला, मोबाइल काढला, कॅलेंडर उघडलं आणि म्हणाला, “कधी?”

दोह्यात निम्मं आयुष्य गेलं. हे वाक्य मी किती जणांना वाटलंय, किती जणांकडून घेतलंय. पण ‘कधी?’ असं कुणी... घाबरून ‘शुक्रवारी’ म्हणालो. पुढच्या.

शुक्र., ३१ ऑक्टो.
आला. सांगितलेल्या वेळेला, म्हणजे मी अंघोळीला चाललो होतो तेव्हा. हातात स्वतः भाजलेला भोपळ्याचा केक.

दारात ‘हाऊ आर यू’. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत दरवर्षी मी डोक्यावर टोपी घालून जो ‘अमेरिकन पाहुणा’ करतो, त्याची सुरुवातच ही : तो ‘हाऊ आर यू’ म्हणतो आणि उत्तर यायच्या आत पुढच्या माणसाकडे वळतो. हमखास हशा. पुरावा काय, तर सिनेमे, आणि न्यू जर्सीच्या मेव्हण्याच्या गप्पा. जवळून पाहिलेला हा पहिलाच. मी ‘फाइन’ म्हणालो. तो वळला नाही. उभाच राहिला, पुढचं ऐकायला. मग काहीतरी बोलावं लागलं. या टेबलाची दुसरी खुर्ची बऱ्याच महिन्यांनी ओढली गेली, असं काहीसं बोललो. इंग्रजीत बोलताना फार लाज वाटत नाही.

पिठलं-भात, ठेचा. पिठल्यात गुठळ्या. (सु. फोनवरून : “पाणी आधी, पीठ नंतर असं कोण करतं?”) आग्रह सुरू केला. घ्या, थोडंसं, एवढंच. तिसऱ्या वाढणीला त्याने गंभीरपणे विचारलं, “नको म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटेल?” म्हटलं, वाटेलच. त्याने घेतलं. कपाळावर घाम. पाचव्याला हळूच म्हणाला, “हे थांबतं कसं?”

मी हसलो. या घरात मोठ्याने. स्वतःलाच जरा परकं वाटलं.

जाताना उरलेलं पिठलं डब्यात घालून दिलं. सांगितलं, आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. त्याने मान डोलावली, जणू सेफ्टीचा नियमच.

शुक्र., ७ नोव्हें.
आज त्याच्याकडे मी. डबा आधीच परत आलाय, ओट बिस्किटं भरून.

माझ्यासाठी भाज्या, बीन्स, मक्याची भाकरीसारखी एक वस्तू. पहिल्या वाढणीनंतर म्हणाला, “आणखी?” मी शहाण्या घरचा. म्हटलं, “नको नको, भरपूर झालं.” तो म्हणाला, “बरं.” आणि भांडं उचलून आत ठेवलं.

फ्रिजचं दार लागल्याचा आवाज अजून कानात आहे.

परतताना माझ्या बिल्डिंगखालच्या इस्माईलभाईंच्या हॉटेलात जाऊन बसलो. रत्नागिरीचा माणूस, विचारल्याशिवाय राहतोय कसला.
“काय साहेब, अमेरिकेत जेवून आलात नि उपाशी?”
सांगितलं.
“तुम्ही नको बोललात, त्यानं नको ऐकलं. त्याचं चुकलं कुठं?”
“भाई, निदान दोनदा तरी विचारावं.”
“मग दोनदा भूक लागली म्हणायचं.” आणि न विचारता दुसरा पराठा ताटात टाकला.

रॉ. त्याच्या मुलीला दर शुक्रवारी फोन करतो. आज माझ्यासमोर केला. उचलला नाही. ‘बिझी असेल,’ म्हणाला. हे लोक आईबापांना विचारत नाहीत, हा माझ्या कार्यक्रमातला दुसरा हशा. मी खिशातला फोन चाचपला. चिरंजीवांचा अंगठा आला होता, परवाच्या मेसेजला.

सोम., १० नोव्हें.
नेन्यांचा फोन. मंडळाचे सेक्रेटरी, आमच्याच प्लांटचे, पण गाडीवाले.
“शुक्रवारच्या दिवाळी कार्यक्रमात तुमचा अमेरिकन हवाच हं. लोक त्याच्यासाठीच येतात.”
म्हटलं, यंदा दुसरं करू का? एक माणूस परक्या घरी ‘नको’ म्हणतो आणि उपाशी घरी येतो.
“छे, ते आपल्यावरच येतं. अमेरिकनच करा. बाकी भेटू, यायचंय एकदा तुमच्याकडे.”
तोंडातून निघूनच गेलं, “कधी?”
फोनमध्ये एसीचा आवाज येत राहिला.
“बघतो... कळवतो ना. यल्ला, चला, ठेवतो.”

सु.ला सांगितलं. ती हसली, मग म्हणाली, “अरे, असं विचारतात का कुणाला?”

बुध., १२ नोव्हें.
नेन्यांनी रॉ.लाच आमंत्रण दिलंय. पहिली रांग. ‘गोरा पाहुणा असला की फोटो भरदार येतो.’ त्यांच्या डोक्यात काही वाईट नाही, हीच अडचण आहे.

रॉ. बसमध्ये खुशीत. शर्ट कुठला घालू? बूट काढावे लागतील? तुम्ही काय करणार? म्हटलं, आमच्या गावाकडच्या गमती.

मग खिडकीबाहेर पाहत बसलो. मेसईदच्या रस्त्याला पाहण्यासारखं काही नसतं, हे त्यालाही माहीत आहे.

सु. : “सांगून टाक त्याला. हॉलमध्ये कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे.”
“आणि राग आला तर?”
“तर येईल. तुझ्याकडे जेवायला येणारा तो एकटाच आहे, म्हणून तर सांग.”

गुरु., १३ नोव्हें.
सांगितलं. सकाळच्या बसमध्ये.

त्याने विचारलं, “विनोदी आहे?”
“लोक हसतात.”
“करून दाखव.”

नाही कसं म्हणणार. आणि यांना ‘नको’ म्हटलं की ते खरंच नको धरतात, तेव्हा म्हटलंही असतं तरी चाललं असतं, हे आत्ता लिहिताना सुचतंय. टोपीशिवाय केलं. हाऊ आर यू, मान वळवणं, च्युइंगगम, तुमच्याकडे हत्तीवरून ऑफिसला जातात का. मागच्या सीटवरचे सगळे हसले. एक केरळचा पोरगा तर डोळे पुसत होता.

रॉ.ही हसला. सगळे दात दाखवून. नुसते दात, वर डोळे जसेच्या तसे. हे हसू मी स्टेजवर वर्षानुवर्षं करत आलोय. त्याच्या चेहऱ्यावर आजच पहिल्यांदा पाहिलं.

“छान आहे,” म्हणाला. “माझा मेव्हणा असाच आहे.”
मी म्हटलं, “माझाही.”


शनि., १५ नोव्हें.
काल कार्यक्रम. पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी. नंतर तिथे नेनेवहिनींनी पर्स ठेवली.

टोपी खिशातच राहिली. उपाशी परतलेल्या माणसाचं केलं. सुरुवातीला लोक अमेरिकन कधी येतो याची वाट पाहत होते, शेवटी शेवटी घड्याळाची. फ्रिजच्या दाराला थोडे हसले. मागून एक आजी, “अगंबाई, दुसऱ्यांदा विचारलंच नाही?” मनापासून हळहळली. तेवढीच दाद.

नेने : “जरा फिकं झालं यंदा. पण ठीक. या एकदा घरी, बोलू.”
मी काही विचारलं नाही. बरीच गर्दी होती.

सगळे मोटारींनी गेले. मी मेट्रोने.

रवि., १६ नोव्हें.
बसमध्ये तो नेहमीच्या सीटवर होता. शेजारची जागा मोकळी. बसलो. पोट बिघडलं होतं म्हणाला, म्हणून आलो नाही, सॉरी. असेलही. मी म्हटलं, ते केलंच नाही, दुसरं केलं. “अच्छा?” म्हणाला. काय केलं ते विचारलं नाही. आधी सगळं विचारायचा.

येताना हवामानावर बोललो. आता बरं झालंय, संध्याकाळी बाहेर बसता येतं, वगैरे. दोन मेव्हणे बोलतील इतकंच.

मन्सूराला उतरलो. त्याने खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाला, “वी शुड डू डिनर समटाइम.”

समटाइम.

मी तयारच केलाय त्याला. पूर्ण आमचा झाला. आता मंडळाचा मेंबर करून घ्यायला हरकत नाही.

‘नक्की, नक्की,’ म्हणालो आणि दोघं दोन दिशांना. कोपऱ्यावर मागे वळून पाहिलं. तो सिग्नलला उभा होता. मोबाइल खिशातच.

घरी आलो. पिठलं टाकलंय, या वेळी पीठ आधी, तरीही गुठळ्या. सु.चा फोन येऊन गेला. “मग विचार ना त्याला,” कुजबुजली. तिकडून आईने हाक मारली, ती गेली.

एवढा एक शब्द. इंग्रजीत आहे, लाज वाटायला नको.

‘व्हेन?’ पाठवलं. एकच टिक आलीय. गॅस बारीक करून बसलोय.